वादळानंतर आमच्याकडे राहायला आलेली मंडळी

वादळ सरलं त्या सकाळी नालासोपाऱ्यातल्या आचोळ्याच्या आमच्या बिल्डिंगमधली झाडून सारी माणसं गच्चीवर जमली होती. पाण्याच्या टाकीचं झाकण उडून शेजारच्या कंपाउंडमध्ये पडलं होतं. टीव्हीचे अँटेना वाकून एकमेकांत अडकले होते. वीज गेलेली, पंप बंद, फोन मुके. जो तो आपल्या खिडकीच्या फुटक्या काचेबद्दल बोलत होता. मी मात्र पश्चिमेकडे बघत उभी होते. तिकडे, रुळांच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात माझी मैत्रीण राहत होती, आणि तिचं घर कौलारू होतं.

आम्ही दोघी वसईतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायचो. मी सांगलीकडची, लग्न करून इथे आले तेव्हा या भागात मला ओळखणारं कुणीही नव्हतं. तिने पहिल्याच आठवड्यात मला आपल्या घरी नेलं, सासूसमोर बसवलं आणि म्हणाली, "आई, हिचं माहेर लांब आहे." सासूबाईंनी एवढंच ऐकलं आणि त्या दिवसापासून मी त्या घरची झाले. माझा मुलगा झाला तेव्हा माझी आई आजारी होती, येऊ शकली नाही. तर याच बाई रोज सकाळी बस बदलून आमच्याकडे यायच्या, बाळाला तेल लावून न्हाऊ घालायच्या, मला शेक द्यायच्या आणि चहासुद्धा घाईघाईने पिऊन परतायच्या, कारण घरी कोंबड्या सोडायच्या राहिलेल्या असत. मी त्यांना मावशी म्हणायचे.

गच्चीवरून खाली आले आणि नवऱ्याला म्हटलं, "अहो, मला तिच्याकडे जायचंय."

"रस्ते कसे असतील ठाऊक नाही," ते म्हणाले.

"म्हणूनच जायचंय."

त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. लोकल गाड्या बंद असल्यामुळे त्यांना ऑफिसला जायचंच नव्हतं. मुलगा तेव्हा पहिलीत होता. त्याला समोरच्या दारातल्या गुजराती बेनकडे ठेवलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून आमची ओळख हसण्यापुरतीच होती. पण मी दार वाजवलं तेव्हा तिने काही न विचारता त्याचा हात धरून त्याला आत घेतलं.

रेल्वेचं फाटक ओलांडून पुढे गेलो तसं वादळाने काय केलंय ते दिसायला लागलं. शेवग्याची झाडं मुळासकट आडवी झाली होती. केळीच्या बागांवरून कुणी रूळ फिरवल्यासारखं दिसत होतं. दिवाळी नुकतीच झालेली, भात कापून शेतात पसरलेलं, आणि ते सगळं आता पाण्यावर तरंगत होतं. एका वळणावर रानभेंडीचं मोठं झाड रस्त्यावर पडलं होतं. लोक कोयत्याने फांद्या तोडत होते. स्कूटर तिथेच एका घराच्या आडोशाला लावली आणि आम्ही चालायला लागलो.

मैत्रीण आम्हाला गावच्या देवळातच भेटली. तिची दोन्ही मुलं सभामंडपात घोंगडीवर बसून चुरमुरे खात होती. आमच्याकडे बघून ती आधी हसली आणि मग एकदम रडायला लागली. तिचा नवरा एसटीवर ड्रायव्हर, तो गाडी घेऊन धुळ्याकडे गेला होता, त्याचा काही निरोप नव्हता. परसातलं आंब्याचं झाड घराच्या मागच्या बाजूवर पडलं होतं. भिंती उभ्या होत्या, पण अर्धं छप्पर गेलं होतं, आणि भरतीला खाडीचं पाणी थेट चुलीपर्यंत आलं होतं.

"आणि मावशी?"

"त्या घरीच आहेत. येतच नाहीत. तूच सांग आता त्यांना."

मुलांना देवळातच शेजारणीपाशी ठेवून आम्ही तिघं तिच्या घरी गेलो, तर मावशी ओटीवर बसल्या होत्या. भोवती गाळ, ओल्या गोधड्या, फुटक्या कौलांचा खच. शेजारी बांबूच्या डालग्याखाली कोंबड्या आणि एक कोंबडा. मी जवळ जाऊन बसले तर त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पोर बरा हाय ना?" त्यांच्या घरावर झाड पडलं होतं आणि त्या माझ्या मुलाची चौकशी करत होत्या.

"मावशी, चला इथून. छप्पर कधीही खाली येईल."

"मी नाय येत. मांजरी वर माळ्यावर हाय, तिची पिल्लं हायत. कुत्रा काल झाड पडलं तसा पळाला, तो अजून आला नाय. तो परत आला आनि घरात कोनीच नसलं तर? या मुक्या जिवांना कोनाच्या भरोशावर सोडू?"

"सोडायचं कशाला? सगळ्यांना घेऊन जाऊ," मी म्हटलं.

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"घरी. आपल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. लहानपणी त्यांना कुत्रा चावला होता. रस्त्यात कुत्रं दिसलं की ते पलीकडच्या बाजूने जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि बिल्डिंगच्या दारात सेक्रेटरींनी लावलेली पाटी: पाळीव प्राणी आणू नयेत. हे सगळं मलाही माहीत होतं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि मावशींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं.

"शिडी कुठेय?" नवऱ्याने विचारलं.

मांजरी माळ्याच्या कोपऱ्यात, जुन्या सुपांच्या मागे, पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. वरचा वासा वाकला होता. नवरा शिडीवर चढला, खाली मैत्रीण आणि मी शिडी धरून. पहिलं पिल्लू मुकाट्याने हातात आलं. दुसऱ्याला हात घातला तसं मांजरीने मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडा काढला. "अहो, राहू द्या, खाली या," मी ओरडले. त्यांनी वरूनच सांगितलं, "ती तिचं काम करतेय. टोपली वर दे." शेवटी मावशींनी खालून चुचकारत हाक मारली आणि मांजरी आपणहून टोपलीत उतरली. दुसरी टोपली वर उपडी घालून सुतळीने बांधली.

आता राहिला कुत्रा. तांबूस रंगाचा, एक कान तुटलेला, वयाने बराच. त्याला नाव नव्हतं. मावशी त्याला "अरे" म्हणूनच हाक मारायच्या आणि तो यायचा. त्यामुळे त्या सकाळी खाडीच्या बांधावरून आम्ही तिघं "अरे! अरे!" असं ओरडत फिरत होतो आणि शेतात भात गोळा करणारी माणसं दचकून मान वर करत होती. कुणी म्हणे मिठागराकडे पाहिला, कुणी म्हणे काल रात्री भुंकताना ऐकला. शेवटी भाताचा ओला भारा खांद्यावर घेऊन चाललेल्या एका बाईने सांगितलं, "चर्चकडे जा. तिथल्या नर्सबाईकडे कुनाचातरी कुत्रा हाय, पाय कापलाय त्याचा."

चर्च शेजारच्या गावात. तिथल्या हॉलमध्येही माणसं आसऱ्याला होती, मोठ्या पातेल्यात पेज शिजत होती. नर्सबाई बाजूच्याच घराच्या पायरीवर होत्या. मुंबईच्या इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, केस पांढरेशुभ्र. त्यांच्या घराचीही निम्मी कौलं गेली होती, आत उजेड पडला होता. आणि पायरीवर गोणपाटावर आमचा कुत्रा, पुढच्या पायाला जुन्या चादरीची पट्टी.

मैत्रीण लांबूनच म्हणाली, "अरे!"

त्याने मान उचलली, उठायचा प्रयत्न केला आणि कळवळून खाली बसला. शेपटी मात्र जमिनीवर आपटत राहिली. मैत्रीण धावत गेली आणि त्याच्या मानेत तोंड घालून बसली. देवळात मुलांसमोर जे रडू तिने अर्ध्यावर आवरलं होतं, ते तिथे पुरतं बाहेर आलं.

"पत्र्याने कापलंय," नर्सबाई म्हणाल्या. "खोल आहे. टाके घालायला हवेत. काल मी एकटी होते, त्याने जवळ येऊ दिलं नाही. आता त्याचं माणूस आलंय. तुम्ही धरून ठेवाल तर घालते. भूल द्यायला माझ्याकडे काही नाही."

"कुत्र्याला टाके घातलेत कधी?" नवऱ्याने भीतभीत विचारलं.

"नाही. आजच पहिल्यांदा."

त्यांनी स्टोव्हवर सुई आणि दोरा उकळत टाकला. मैत्रिणीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मी पुढचा पाय धरला. मागचे पाय धरायला नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. ते क्षणभर घुटमळले, मग गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्यांचं कपाळ घामाने भिजलं होतं. नर्सबाई टाका घालताना पुटपुटत होत्या, बहुधा प्रार्थना असावी. कुत्रा एकदाच मोठ्याने केकाटला आणि नंतर मैत्रिणीचा हात चाटत राहिला. मैत्रीण त्याच्या कानात नुसतं "अरे, अरे, झालं हं" म्हणत होती.

पट्टी बांधून झाल्यावर मी म्हटलं, "बाई, तुमचे उपकार कसे..." त्यांनी हातानेच थांबवलं. "टाके काढायला आणा. आणि याला आठवडाभर तरी ओल्यात जाऊ देऊ नका."

कुत्र्याला गोणपाटाच्या झोळीत घालून आम्ही मावशींकडे परतलो, तेव्हा गावातला एक भाजीवाला टेम्पो घेऊन नालासोपाऱ्याला ताडपत्री आणायला निघाला होता. त्याच्या मागच्या हौद्यात आम्ही सगळे चढलो; रस्त्यातलं झाड तोवर हटवलं होतं, तिथे नवरा उतरला आणि स्कूटर घेऊन मागोमाग आला. मैत्रीण, तिची मुलं, मावशी, गोणपाटावर कुत्रा, टोपलीत मांजरी आणि पिल्लं, डालग्यात कोंबड्या. मावशींनी निघताना फक्त देव्हाऱ्यातला देव पदराच्या गाठीत बांधून घेतला. बाकी कशाकडे वळूनही पाहिलं नाही.

बिल्डिंगच्या फाटकाशी सेक्रेटरी उभेच होते. बँकेतून निवृत्त झालेले, नियमांचे पक्के. जिन्यात चपला ठेवल्या तरी चिठ्ठी लावणारे. टेम्पोतून एकेक जीव उतरताना ते बघत राहिले. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "पाटी वाचलीत ना?"

"वाचलीय. पण यांचं घर पडलंय, काका."

त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत गाळ लागलेला, हात टोपलीवर. मग त्यांनी कुत्र्याच्या पट्टीकडे पाहिलं. शेवटी त्यांनी घसा खाकरला. "कुत्रा, मांजर ठीक आहे. पण हा कोंबडा पहाटे आरवणार, त्याचं काय?"

मावशी म्हणाल्या, "आरवनार हो. त्याला कोन सांगनार?"

सेक्रेटरींना हसू आलं. त्या माणसाला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यांनी खाली वाकून स्वतः डालगं उचललं आणि जिना चढायला लागले.

पुढचे काही आठवडे आमच्या दोन खोल्यांत जे चाललं त्याला संसार म्हणावं की जत्रा, मला अजून कळलेलं नाही. कोंबड्या गॅलरीत. मांजरीने आमच्या कपाटाचा खालचा कप्पा आपला म्हणून ठरवून टाकला आणि माझ्या साड्यांवर पिल्लं झोपू लागली. कुत्रा दाराशी. आणि त्याच्या हाकेची मोठीच पंचाईत झाली. मुलाला "अरे, अभ्यासाला बस" म्हटलं की कुत्रा उठून यायचा. खालून कुणी "अरे भाऊ" अशी हाक मारली की तो लंगडत गॅलरीकडे निघायचा. सगळ्या बिल्डिंगमध्ये लोक दिवसभर अरे-अरे करत असतात हे मला तेव्हा कळलं.

त्याने जिना आयुष्यात पाहिला नव्हता. पाय बरा व्हायला लागल्यावर चढायला तो शिकला, पण उतरायचं म्हटलं की पहिल्या पायरीवर बसकण मारायचा आणि थरथरायचा. मग माझा नवरा, जो कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा, तो रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर त्या धिप्पाड जनावराला दोन्ही हातांवर उचलून तीन मजले खाली न्यायचा. पहिल्या दिवशी तोंड दुसरीकडे वळवून. चार-दोन दिवसांनी मी गॅलरीतून पाहिलं तर ते खाली कट्ट्यावर बसून त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते मी विचारलं नाही.

मावशींना फरशीवर झोप लागायची नाही. "तुमची जमीन गार हाय," त्या म्हणायच्या. वीज आली, नळाला पाणी आलं तेव्हा त्या नळाखाली हात धरून म्हणाल्या, "तुमच्याकडं पानी नळात, आमच्याकडं पानी घरात." आणि स्वतःच हसल्या. मात्र दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की त्या गॅलरीत कोंबड्यांजवळ बसून पश्चिमेकडे बघत राहायच्या, हे मला समोरच्या बेनने सांगितलं. तीच मग रोज दुपारी आपलं निवडण-टिपण घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसायला लागली. तिला कोंबड्यांचा वास सहन व्हायचा नाही, नाकाला पदर लावायची, पण यायची. पिल्लांसाठी वाटीत दूध आणायची. दोघींची भाषा धड एक नव्हती. तरी गप्पा संपायच्या नाहीत.

मैत्रिणीचा नवरा धुळ्याहून परतला तेव्हा थेट गावी गेला होता. रिकाम्या, मोडक्या घरात तो मुलांना हाका मारत फिरला, असं तो नंतर सांगायचा. शेजाऱ्यांनी आमचा पत्ता दिला. आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या अंगावर अजून खाकी होती. मुलं त्याला बिलगली. आणि आमच्या दाराशी झोपलेला कुत्रा उठून त्याच्या छातीवर पाय टेकून उभा राहिला, दुखरा पाय विसरून. माझा नवरा ओरडला, "अरे, टाके तुटतील!" दोघांनीही एकदमच त्याच्याकडे बघितलं, कुत्र्याने आणि त्या माणसानेही.

छप्पर घालायचं ठरलं त्या रविवारी आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाला मी मदतीला बोलावलंही नव्हतं. मैत्रिणीच्या नवऱ्याने सुतार बोलावले होते, गावातली पोरं मदतीला होती. मैत्रिणीकडची मंडळी कुत्र्यासकट पहाटेच पुढे गेली होती. आम्ही दोघं निघालो तर खाली सेक्रेटरी हाफ पँट घालून, डोक्याला रुमाल बांधून उभे. सोबत तळमजल्यावरचे दोघे भाऊ, बेनचा नवरा आणि पहिल्या मजल्यावरच्या मद्रासी बाई, हातात इडल्यांचा डबा. "कौलं हातोहात द्यायला माणसं लागतात," सेक्रेटरी म्हणाले. "मी लहानपणी राजापूरला बघितलंय."

खरोखरच लागली. आंब्याचं झाड आधीच तोडून बाजूला केलं होतं. सुतारांनी नवे वासे बसवले होते. अंगणापासून शिडीपर्यंत आणि शिडीवरून छपरापर्यंत आम्ही ओळीने उभे राहिलो. गावातली माणसं, बिल्डिंगमधली माणसं, आमच्या शाळेतले दोघे शिक्षक. कौल एका हातातून दुसऱ्या हातात. माझ्या एका बाजूला मैत्रिणीची शेजारीण, दुसऱ्या बाजूला मद्रासी बाई. हात लाल झाले, कंबर धरली. अंगणात मावशी सगळ्यांना ताक देत फिरत होत्या आणि छपराकडे बघत होत्या, जसजसं आकाश झाकत गेलं तसतसं.

काम लवकर उरकलं. नर्सबाईंनी टाके काढायला बोलावलं होतं, म्हणून आम्ही कुत्र्याला घेऊन तिकडे निघालो. माझ्या नवऱ्याने त्याला उचललं होतं, खरं तर आता त्याची गरज नव्हती. बाकीचेही चर्च बघायला म्हणून मागोमाग आले. नर्सबाईंनी पायरीवर बसूनच टाके काढले, जखम दाबून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. तेव्हा सेक्रेटरींचं लक्ष वर गेलं. नर्सबाईंच्या घरावर अजून ताडपत्रीच होती.

"बाई, हे असंच?"

"गावातल्या सगळ्यांची पडलीत. माझी पाळी येईल," नर्सबाई म्हणाल्या.

सेक्रेटरींनी आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो, तेच सुतार, तीच ओळ. यावेळी मैत्रिणीचं सगळं घरही सोबत होतं. संध्याकाळी नर्सबाईंनी सगळ्यांना चहा आणि घरचा केक दिला. सगळे जेव्हा तोंड भरून खात होते तेव्हा त्या आत गेल्या आणि दिवा लावून नव्या छपराखाली एकट्याच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मला उघड्या दारातून दिसलं, मी नजर वळवली.

त्या वर्षी मैत्रिणीचं भात गेलं ते गेलंच. केळीची बाग परत उभी राहायला पुष्कळ दिवस लागले. वादळाचे आभार मानावेत असं त्यात काहीच नव्हतं. पण माणसांचे मानायचे म्हटलं तर मला कुठून सुरुवात करावी कळत नाही. माझ्या मैत्रिणीचे तर सर्वांत आधी, कारण घर पडल्यावर दुसऱ्याच्या दारात जाणं किती जड असतं ते मला माहीत आहे, आणि ती माझ्याकडे संकोच न करता आली. माझ्या कपात चहा प्यायली, माझ्या पातेल्यात भात शिजवला, माझ्याशी एकदा भांडलीसुद्धा. पाहुण्यासारखी ती एक दिवसही राहिली नाही.

सगळी मंडळी परत गेली त्या संध्याकाळी घर एकदम मोठं वाटायला लागलं. मी गॅलरी धुवायला घेतली. कोपऱ्यातून कोंबड्यांची पिसं निघत राहिली. मुलगा कपाटाचा खालचा कप्पा पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. नवरा पेपर घेऊन बसला होता, पण पान उलटत नव्हता. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि बेन आत आली. हातात किटली, मागे तिचा नवरा, आणि कपबशा सांभाळत जिना चढून आलेले सेक्रेटरी.

"आज तुमच्याकडे फार शांत आहे," ती म्हणाली, "म्हटलं, इथेच चहा घेऊ."

मी हात पुसले आणि सतरंजी अंथरली.